ब्लॅक अँड व्हाइट सामुराई पिक्चर बघायचेत? मग अशी सुरुवात करा

सामुराई म्हणजे जुन्या जपानमधले तलवारबाज योद्धे. त्यांचे पिक्चर कुठून सुरू करू असं कोणालाही विचारा, थेट 'सेव्हन सामुराई' बघ म्हणून सांगतात, मग माणूस रविवारी भरपेट जेवून तो लावतो, 207 मिनिटांचा पिक्चर, तासाभरात डोळा लागतो आणि परत त्या वाटेला जात नाही. मी तो पहिल्यांदा विरार लोकलमध्ये मोबाईलवर लावला होता, गर्दीत उभं राहून, अंधेरी ते बोरिवली नुसते रडणारे शेतकरी दिसले आणि बंद केला. त्यानंतर चार वर्षं हात लावला नाही, याचं अजून वाईट वाटतं. म्हणून हे लिहितोय.

पहिला लावा 'योजिम्बो', 1961 चा, दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा. दोन तासांच्या आत संपतो. तोशिरो मिफुने या नटानं केलेला रोनिन, म्हणजे मालक न उरलेला सामुराई, चौरस्त्यावर काठी हवेत फेकतो आणि ती पडेल तिकडे चालायला लागतो. गावात शिरतो तर समोरून एक कुत्रं दुडक्या चालीनं येतंय आणि त्याच्या तोंडात माणसाचा तुटका हात. बास, गावाची काय अवस्था आहे ते कळलं, कोणी एक शब्द बोललेलं नाही! नाव विचारल्यावर हा बाबा बाहेर तुतीचं शेत दिसतं तेच आडनाव म्हणून ठोकून देतो. लगेच दुसऱ्या दिवशी त्याचाच पुढचा 'सांजुरो' बघा, 1962 चा. शेवटी मिफुने आणि तात्सुया नाकादाई हातभर अंतरावर समोरासमोर उभे राहतात, म्युझिक नाही, हालचाल नाही, बराच वेळ नुसते उभे. तिथं फोन उचलू नका आणि फॉरवर्ड तर अजिबात करू नका, कारण खरी फाईट त्या उभं राहण्यातच आहे, तलवार फक्त एकदा निघते.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे पिक्चर सोपे जातात.

आता टीव्हीचं. पिक्चर मोड 'व्हिव्हिड' असेल तर बदला, त्यानं करडा रंग निळसर होतो. मोशन स्मूद करणारं जे काही सेटिंग असतं ते बंदच करा, नाहीतर सगळं टीव्ही सिरियलसारखं दिसतं. 'सेव्हन सामुराई' जवळजवळ चौकोनी फ्रेमचा आहे, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच, झूम करून स्क्रीन भरायला गेलात तर माणसांची डोकी कापली जातील. आवाज जपानीच ठेवा, सबटायटल लावा. आणि रात्री बघा, पडदे ओढून, समोरच्या बिल्डिंगची ट्यूबलाईट स्क्रीनवर पडली की सावल्यांमधलं काही दिसत नाही.

मग 'सेव्हन सामुराई', 1954 चा. पिक्चरमध्येच इंटरव्हल आहे, तिथं खरंच उठा, चहा टाका, जमलं तर कांदाभजी तळा. 'शोले' पाठ असलेल्या माणसाला गोष्ट ओळखीची वाटेल, गाव, डाकू, भाड्यानं आणलेले लढवय्ये, सगळं आहे. सुरुवातीलाच काम्बेईचा, म्हणजे या सातांच्या म्होरक्याचा, सीन नीट बघा. एका चोरानं लहान मूल ओलीस धरलंय, काम्बेई नदीकाठी बसून आपली शेंडी कापून घेतो, डोकं भादरतो आणि भिक्षूचे कपडे घालून भाताचे गोळे घेऊन झोपडीत शिरतो. सामुराईनं शेंडी कापायची म्हणजे केवढी मोठी गोष्ट, म्हणून तर जमलेले लोक आ वासून बघत असतात. आत काय झालं ते दाखवतच नाहीत, चोर बाहेर येतो आणि स्लो मोशनमध्ये कोसळतो. त्यानंतर अख्ख्या पिक्चरमध्ये काम्बेई मधूनमधून त्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत राहतो, तेवढं लक्षात ठेवा, फार गोड आहे ते.

शेवटची लढाई धो धो पावसात आणि चिखलात आहे, कुरोसावानं ती एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून शूट केली होती. हा पिक्चर जुलैमध्ये बघावा असं माझं स्पष्ट मत आहे, बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत असताना. घसरणारे पाय, अंगाला चिकटलेले कपडे, हे मुंबईकराला कोणी समजावून सांगायला लागत नाही.

यानंतर मासाकी कोबायाशीचा 'हाराकिरी', 1962 चा. हा हलक्या मूडमध्ये लावू नका. 1630 सालची गोष्ट, एक रोनिन मोठ्या घराण्याच्या वाड्यात येऊन म्हणतो मला इथं पोट फाडून मरायची परवानगी द्या, आणि मग बसून शांतपणे बोलत राहतो. एवढंच सांगतो, पुढचं अजिबात वाचू नका. नाकादाई तेव्हा तिशीचाही नव्हता, पण आवाज ऐकून ते पटत नाही.

सगळ्यात शेवटी 'सोर्ड ऑफ डूम', 1966 चा, किहाची ओकामोतोचा. मूळ कादंबरी अवाढव्य आहे आणि पिक्चर मध्येच, ऐन मारामारीत, एका फ्रेमवर गोठून संपतो. नेट गेलं असं समजून रिमोट शोधू नका, तो शेवटच तसा आहे.