पिल्लं अंड्यातच मरतात? आधी मशीनमधलं पाणी बघा

कोंबडीची वीस अंडी उबवायच्या मशीनमध्ये ठेवली, २१ दिवसांनी सहाच पिल्लं निघाली, की खापर अंडी देणाऱ्यावर फुटतं. उरलेली अंडी उकिरड्यावर टाकण्याआधी एकेक फोडून बघा. वास येतो, पण कारण तिथंच सापडतं.

नुसता बलक दिसला तर अंडं फोल, म्हणजे फळलेलंच नव्हतं. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा हवाच. रक्ताचं कडं दिसलं तर जीव पहिल्या आठवड्यातच गेला. बहुधा अंडी आठवड्यापेक्षा जास्त साठवलेली, नाहीतर उष्णता बिघडलेली. पंख्याच्या मशीनला ३७.५ अंश सेल्सिअस लागतं. मशीनच्या काट्यावर विसंबू नका, आत ताप मोजायचा थर्मामीटर ठेवून ताडून पाहा.

पूर्ण वाढलेलं पिल्लू फुगून, ओलंचिंब मेलेलं असेल तर पाणी जास्त झालं. पाटण, जावळीसारख्या भरपूर पावसाच्या भागात आषाढ-श्रावणात हेच जास्त बघायला मिळतं. पिल्लू कवच टोचण्याआधी बोथट टोकाच्या हवेच्या पोकळीत श्वास घेतं. अंड्यातलं पाणी पुरेसं उडालंच नाही, तर ती पोकळी लहान राहते. मशीनमध्ये ओलाव्यासाठी पाण्याचं भांडं असतं; मशीनसोबतच्या कागदावर 'भांडं भरलेलं ठेवा' लिहिलेलं असतं आणि आपण इमानेइतबारे भरतो. पण पावसाळ्यातली हवा आत तापल्यावरही चाळीसेक टक्के ओलावा धरून असते. पहिले १८ दिवस ४५ ते ५० टक्के पुरतात, म्हणजे तिकडे भांडं जवळपास कोरडंच चालतं. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत हिवाळ्यात मात्र तेच भांडं भरावं लागतं. नाहीतर तिथं पिल्लू कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून मरतं.

आर्द्रतामापक (ओलावा मोजायचं यंत्र) नसेल तर वजनकाटा वापरा. हजार ग्रॅम अंडी ठेवली असतील तर अठराव्या दिवशी ती ८७० ते ८९० ग्रॅम भरायला हवीत. दहाव्या दिवशी साठ-सत्तर ग्रॅम घटली नसतील तर पाणी काढा. फार घटली असतील तर वाढवा. (फोल अंडी काढल्यावर उरलेल्यांचाच हिशेब धरा.)

अंडी दिवसातून तीन-पाच वेळा फिरवायची, ती अठराव्या दिवसापर्यंतच. त्यानंतर ओलावा ६५ ते ७० टक्के करा आणि झाकण उघडू नका. पहिलं पिल्लू ओरडलं की घरातली पोरं झाकण उघडतात, आणि टोचलेल्या अंड्यांतला पापुद्रा सुकून आवळतो.

वीज गेली तर मशीनवर गोधडी टाका. तास-दोन तासांनी बिघडत नाही. वीज आली की गोधडी लगेच काढा, कारण हवेची भोकं बुजतात आणि आत उष्णता चढते. थोड्या गारव्यापेक्षा चाळीस अंशांचे दोन तास पिल्लांना जास्त घातक.