पुणे, नाशिक, कोल्हापूर: तीन ऑफिसांचे इंटरकॉम व्हीओआयपी गेटवेने कसे जोडावेत

मोबाइलवर बोलणं जवळजवळ फुकट झालेलं असताना हा खटाटोप कशाला, असं कुणीही विचारेल. पण कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनला, स्टोअरला किंवा वजनकाट्यावरच्या माणसाला फोन लावताना आपल्याला ती व्यक्ती नको असते, ती जागा हवी असते. शिफ्ट बदलली की मोबाइल नंबरही बदलतो. ३०१ म्हणजे नाशिकचं स्टोअर, हे मात्र वर्षानुवर्षं तसंच राहतं. पुण्याच्या अकाउंट्समधून नुसतं ३०१ फिरवून ते स्टोअर मिळावं, एवढंच आपल्याला साधायचं आहे. त्यासाठी लागतो व्हीओआयपी गेटवे, म्हणजे टेलिफोनचा आवाज इंटरनेटवरून नेणारा डबा.

आधी नवं काही विकत न घेता जुनं ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, तपासा. त्यात एसआयपी ट्रंकची (इंटरनेटवरून कॉल नेणाऱ्या लाइनची) सोय असेल किंवा व्हीओआयपी कार्ड बसत असेल, तर वेगळ्या गेटवेची गरजच नाही. साध्या अ‍ॅनालॉग लाइनींचं यंत्र असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

पहिलं काम: नंबरांचा आराखडा

हे काम कागदावरच करा. पुणे २ ने सुरू, नाशिक ३ ने, कोल्हापूर ४ ने. तिन्हीकडे आज २०१ ते २४० असेच नंबर असतील, तर दोन ऑफिसांना नंबर बदलावे लागतील आणि त्यावर कुरकुर होईल. ती होऊ द्या. "आधी ८१ दाबा, मग एक्स्टेन्शन" असा कोड लावून पळवाट काढता येते, पण लोक तो विसरतात आणि पुन्हा मोबाइल काढतात. ० आणि ९ ने सुरू होणारे नंबर टाळा, कारण बाहेरची लाइन बहुतेक ठिकाणी त्यांच्यावरच असते. ११२ सारखे आणीबाणीचे नंबर प्रत्येक शहराच्या स्थानिक लाइनवरूनच बाहेर पडले पाहिजेत. कोल्हापुरातली आग पुण्याच्या लाइनवरून कळवली जाणं परवडणारं नाही.

गेटवेचे दोन प्रकारचे पोर्ट

सगळा घोळ होतो तो इथे. एफएक्सएस पोर्ट स्वतः डायल टोन आणि रिंग देतो, म्हणजे तो टेलिफोन कंपनीच्या जागी असतो. एफएक्सओ पोर्ट टोन घेतो आणि नंबर फिरवतो, म्हणजे तो टेलिफोन संचाच्या जागी असतो. म्हणून एफएक्सएसची वायर ईपीएबीएक्सच्या ट्रंक पोर्टला (जिथे बाहेरची लाइन लागते) जाते आणि एफएक्सओची एक्स्टेन्शन पोर्टला (जिथे आतला फोन लागतो). उलट जोडणी केली तर काहीच वाजत नाही.

पुण्याचा माणूस नाशिकला फोन लावतो तेव्हा पुण्याचं ईपीएबीएक्स तो कॉल ट्रंक पोर्टवरून गेटवेच्या एफएक्सएसकडे देतं. गेटवे तो इंटरनेटवरून नाशिकच्या गेटवेकडे पाठवतो. तिथला एफएक्सओ नाशिकचं एक एक्स्टेन्शन उचलल्यासारखं करून ३०१ फिरवतो. थोडक्यात, जाणाऱ्या कॉलसाठी एफएक्सएस आणि येणाऱ्या कॉलसाठी एफएक्सओ. प्रत्येक ऑफिसात दोन्ही लागतात. सुरुवातीला दोन-दोन पुरे होतात. एक तोटा आधीच सांगून ठेवा: नाशिकच्या फोनवर पुण्याच्या माणसाचा नंबर दिसत नाही, एफएक्सओ लावलेल्या एक्स्टेन्शनचा दिसतो. खरा नंबर दिसायला हवा असेल किंवा एकाच वेळी खूप कॉल होत असतील, तर ३० चॅनेलांची पीआरआय (एकदम ३० कॉल नेणारी डिजिटल लाइन) किंवा सरळ एसआयपी हाच रस्ता.

इंटरनेट किती आणि कसं

जी.७११ कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाजाचं डिजिटल रूपांतर करण्याची पद्धत) एका कॉलला प्रत्येक दिशेला साधारण ८७ केबीपीएस लागतात, जी.७२९ वर ३१ च्या आसपास. चार कॉल एकदम चालले तरी अर्धा एमबीपीएससुद्धा होत नाही, म्हणजे वेगाची चिंता फारशी नाही. अडचण येते ती कुणी मोठी फाइल अपलोड करायला बसलं की. आवाज तुटतो आणि दोष गेटवेला दिला जातो. राउटरमध्ये आवाजाच्या पॅकेट्सना डीएससीपी ४६ (पॅकेटवरची अग्रक्रमाची खूण) चा अग्रक्रम द्या आणि अपलोडवर मर्यादा घाला. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत आणि पॅकेट गळती एक टक्क्याखाली असली की बोलणं सुरळीत होतं. पिंगमध्ये (विलंब मोजणाऱ्या साध्या चाचणीत) दिसणारा आकडा जाऊन-येऊनचा असतो, हे लक्षात ठेवा.

तिन्ही ठिकाणी स्थिर आयपी पत्ता मिळेलच असं नाही. एका ठिकाणी, शक्यतो पुण्याला, तो घ्या आणि बाकीची दोन ऑफिसं व्हीपीएनने (इंटरनेटवरच्या खासगी, सुरक्षित जोडणीने) त्याला जोडा. गेटवे उघड्या इंटरनेटवर ठेवू नका. एसआयपीचा ५०६० पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. गेटवे बनवणाऱ्याने घालून दिलेला मूळ पासवर्ड तसाच राहिला, तर रात्रीत परदेशी कॉल होऊन बिल तुमच्या नावावर येतं. राउटरमधलं एसआयपी एएलजी (एसआयपी पॅकेट्समधले पत्ते परस्पर बदलणारी सोय) बंद करा. "मला त्यांचा आवाज येतो, त्यांना माझा येत नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

ज्या सेटिंगकडे कुणी बघत नाही

ज्या एक्स्टेन्शन पोर्टला एफएक्सओ जोडला आहे, त्या पोर्टवरून बाहेरची लाइन पूर्ण बंद करा. लोकल, एसटीडी, आयएसडी, मोबाइल, सगळं. ट्रंकवरून ट्रंकवर कॉल जोडण्याची सोयही बंद. हे केलं नाही तर नाशिकचा माणूस पुण्याचा पोर्ट उचलून ० दाबेल आणि पुण्याच्या लाइनवरून बाहेर फोन लावेल. सोयीचं वाटतं खरं, पण परवाना नसताना कॉल इंटरनेटवरून दुसऱ्या शहरात नेऊन तिथे सार्वजनिक लाइनवर सोडणं आपल्याकडे बेकायदा आहे. बेकायदा टेलिफोन एक्स्चेंजवर धाड पडल्याच्या बातम्या येतात, त्यांच्या मुळाशी असाच प्रकार मोठ्या प्रमाणावर केलेला असतो. ऑफिसचं आपापसातलं बोलणं ही वेगळी गोष्ट. बाहेरून पुण्याला आलेला ग्राहकाचा कॉल नाशिकला ट्रान्सफर करायची इच्छा प्रत्येक मालकाला होते. ते सुरू करण्याआधी टेलिफोन सेवादात्याकडून लेखी उत्तर घ्या. यंत्र बसवणाऱ्याच्या "चालतं हो" वर जाऊ नका.

टोन आणि फोन ठेवणं

गेटवे बऱ्याचदा अमेरिकी टोनवर सेट होऊन येतो. तिथला एंगेज टोन ४८० आणि ६२० हर्ट्झचा, आपला ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. देश भारत निवडला नाही, तर समोरच्याने फोन ठेवल्याचं एफएक्सओला कळत नाही आणि पोर्ट तासन्‌तास अडकून बसतो. शिवाय तुमच्या ईपीएबीएक्सचा स्वतःचा टोन सरकारी टोनपेक्षा वेगळा असू शकतो. तो रेकॉर्ड करून, मोजून गेटवेत भरा. फोन ठेवल्याची खूण म्हणून एफएक्सएसच्या बाजूला पोलॅरिटी रिव्हर्सल (लाइनची धन-ऋण टोकं उलटणं) किंवा करंट तोडण्याचा पर्याय चालू करा आणि तो ईपीएबीएक्सच्या ट्रंक पोर्टला समजतो का ते पाहा. डीटीएमएफ (बटण दाबल्यावरचे टोन) आरएफसी २८३३ पद्धतीने पाठवा, नाहीतर जी.७२९ वर दाबलेले आकडे विरघळतात. फॅक्स अजून वापरात असेल तर त्यासाठी टी.३८ ही पद्धत निवडा.

चाचणी

आधी फक्त पुणे आणि नाशिक जोडा, कोल्हापूर नंतर. कॉल लावा, दोन मिनिटं बोला आणि मग एकदा इकडून, एकदा तिकडून फोन ठेवा. दोन्ही वेळा पोर्ट मोकळा होतो का ते गेटवेच्या स्टेटस पानावर बघा. प्रतिध्वनी येत असेल तर इम्पिडन्स (लाइनचा विद्युत अवरोध) ६०० ओहमवर आहे ना ते पाहा आणि एफएक्सओचा आवाज एकेक डेसिबलने कमी करा. मग कुणालातरी मुद्दाम मोठी फाइल अपलोड करायला लावून पुन्हा बोला. शेवटी मेन स्विच बंद करा. ईपीएबीएक्सला बॅटरी असते, पण गेटवे, राउटर आणि फायबरचा डबा यांना बहुधा कुणीच यूपीएस दिलेला नसतो. भारनियमनाच्या दिवशी हे कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

सगळं नीट चाललं की प्रत्येक गेटवेची कॉन्फिगरेशन फाइल उतरवून ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवा. बसवणाऱ्याच्या लॅपटॉपवर राहिलेली प्रत तो नोकरी सोडतो त्या दिवशी जाते.