या चुका टाळा : गोल दगड दंडाने उचलू नका

सोलापुरात स्ट्राँगमनकडे (दगड, टायर, अवजड वजनं उचलण्याच्या स्पर्धांकडे) वळणारी पोरं तालमीतून आलेली असली, तर पाठ, मांड्या, दम सगळं तयार असतं. आडवी येते ती सवय. कुस्तीत समोरच्याला कोपर वाकवून ओढायचं असतं. तीच ओढ अ‍ॅटलस स्टोनला (उचलायच्या जड गोल दगडाला) लावली की दंडाच्या स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी (कंडरा) कोपराजवळ हाडापासून सुटू शकते. कोपर वाकलेलं, तळवा वर आणि त्यावर एकदम शंभर किलो, एवढं पुरतं. 'फट्' आवाज आला, दंडावर गोळा वर सरकला, कोपराशी काळंनिळं झालं, तर मालिश करत बसू नका. त्याच दिवशी हाडांचे डॉक्टर गाठा. शस्त्रक्रिया लागलीच तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती सोपी जाते.

स्ट्राँगमन खेळाडू टॉम स्टोल्टमनने 2020 मध्ये 286 किलोचा दगड उचलला. व्हिडिओत तो कवेत घेतल्यासारखा दिसतो, पण ताकद कमरेची असते, हात नुसते अडकवायचे हुक. दगड दोन पायांच्या मध्ये ठेवा. बोटं पार खाली घाला, हात सरळ ठेवून कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाने दाबा आणि आधी फक्त मांडीपर्यंत आणा. तिथे बसा, श्वास घ्या, हात दगडावरून फिरवून छातीशी आवळा. मग टाचा रेटून कंबर पुढे टाका.

ट्रकचा टायर उलटतानाही तेच: पाय मागे, छाती रबराला टेकलेली, जोर तिरका पुढे. सरळ वर उपसायला गेलात की पुन्हा दंडावरच येतं.

डेडलिफ्टला (जमिनीवरचा बार सरळ उभं राहीपर्यंत उचलताना) एक तळवा पुढे, एक मागे धरू नका. उताण्या हाताचा दंड धोक्यात असतो. स्ट्राँगमन एडी हॉलने 2016 मध्ये लीड्सला 500 किलो उचलले ते मनगटाचे पट्टे बांधूनच. स्ट्राँगमनमध्ये बऱ्याच ठिकाणी पट्टे चालतात, मग लाज कसली?

दगड घरी ओतणार असाल तर आकार आधी ठरवा. काँक्रीटचा 35 सेंमी व्यासाचा गोळा साधारण 54 किलो भरतो, 40 चा 80, 45 चा 115, 50 चा थेट 157. म्हणजे पाच सेंमीत उडी केवढी! पहिला 35 चाच करा. वजन वाढवायला भंगार लोखंड एका बाजूला कोंबू नका, गोळा हातात फिरतो. 28 दिवस ओला ठेवून पिकवा.

फार्मर्स वॉकमध्ये (दोन्ही हातांत वजनं धरून चालताना) हँडल पुढे झुकत असेल तर मूठ बोटभर पुढे सरकवा. पावलं छोटी आणि भराभर. एका हाताला 50 किलो, 20 मीटर, चार फेऱ्या, सुरुवातीला बास.

आता उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि हाताला लावायचा राळेचा चिकट पदार्थ पातळ होऊन ओघळतो, दगड निसटतो. सराव पहाटे करा, डबा सावलीत ठेवा, दगडही उन्हात तापू देऊ नका. नंतर तो चिकटा पाण्याने निघत नाही. आधी गोडेतेल चोळा, फडक्याने पुसा, मग साबण लावा.