स्विस नॅशनल पार्कला जाताना

स्वित्झर्लंड म्हणजे युंगफ्राऊची ट्रेन आणि बर्फातले फोटो, एवढ्यावर थांबू नका. हातात एखादा जास्तीचा दिवस असेल तर पूर्वेकडच्या एंगाडिन खोऱ्यात झेर्नेत्सला उतरा. 1914 मध्ये स्थापन झालेलं स्विस नॅशनल पार्क इथेच आहे. प्रवेश फुकट, पण नियम कडक.

आखलेली पायवाट सोडायची नाही, हा पहिला. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ‘शॉर्टकट’ची खोड असते, इथे त्याला दंड आहे. फूल तोडणं, दगड उचलणं, तंबू ठोकणं, ड्रोन, सायकल सगळं बंद. कुत्रा साखळीला बांधलेला असला तरी चालत नाही. आत दुकानं नाहीत, म्हणून पाणी आणि डबा झेर्नेत्सहूनच घ्या आणि कचरा परत आणा. हिवाळ्यात पार्क बंद असतं. जूनमध्येही उंचावर बर्फ राहू शकतो, त्यामुळे निघण्याआधी झेर्नेत्सच्या माहिती केंद्रात वाटांची चौकशी करा.

माझं मत विचाराल तर सप्टेंबरअखेर जा आणि श्चान्फ गावाकडून वाल त्रुपचुन खोरं गाठा. तेव्हा लाल हरणांचा माजाचा काळ असतो आणि नरांच्या डरकाळ्या खोरंभर घुमतात. दुर्बीण हवीच, फोनच्या झूमने ठिपकेच दिसतील.

उन्हाळ्यात दुपारनंतर विजांचा पाऊस येतो. सकाळी लवकर निघा, घोट्याला आधार देणारे बूट घाला आणि हवाई बचाव पथकाचा 1414 हा नंबर फोनमध्ये ठेवा.