सर्व्हर व्हर्च्युअलायझेशनचं सॉफ्टवेअर निवडायचंय? कोटेशन मागवण्याआधी हे करा

कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्यात डोकावलं तर चित्र साधारण सारखंच दिसतं. अकाउंट्समध्ये टेबलाखाली टॅलीचा सर्व्हर, स्टोअरच्या बाजूला ईआरपीचा, तिसऱ्यावर फायली आणि हजेरीचं मशीन. तिन्ही वेगवेगळ्या वर्षी घेतलेले, वेगवेगळ्या माणसांनी बसवलेले. त्यातला एक कुरकुरायला लागला की वेंडर सुचवतो, तीन कशाला, एकच दणकट घेऊ आणि त्यावर व्हीएम, म्हणजे एकाच मशीनच्या आत चालणारे आभासी सर्व्हर, करू. सल्ला बहुतेक वेळा बरोबरच असतो. अडतं ते पुढे, हे व्हीएम कोणत्या सॉफ्टवेअरवर चालवायचे यावर. कारण त्याच्या कोटेशनमध्ये एकच नाव असतं, तो विकतो ते.

फीचर्सची पत्रकं शेजारी शेजारी ठेवून हा निर्णय होत नाही. चालू व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणं, स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची नोंद), क्लस्टर (एकमेकांचं काम उचलणारे जोडलेले सर्व्हर) हे आता सगळ्यांकडे आहे. खरा फरक लायसन्सच्या हिशोबात पडतो, आणि बंद पडलेलं परत कोण, किती वेळात उभं करणार यात पडतो. म्हणून खालच्या कामांत वाचन कमी आणि करून बघणं जास्त आहे.

आधी आपलं काय चालतं ते मोजा

एका कागदावर प्रत्येक सर्व्हरचं नाव, त्यावरचं विंडोज किंवा लिनक्स, किती रॅम, किती डिस्क भरली आहे, आणि तो बंद पडला तर कोणाचं काम थांबतं, एवढं लिहा. मग विंडोजमधलाच परफॉर्मन्स मॉनिटर लावून आठवडाभर आकडे गोळा करा. आठवडा मात्र निवडून घ्या. हळदीच्या व्यापाऱ्याने ऑगस्टमधले आकडे घेतले तर ते कामाचे नाहीत. सौदे जोरात असतात तेव्हाचे घ्या. कारखान्यात महिनाअखेर आणि जीएसटीच्या ११ आणि २० तारखांच्या आसपासचे दिवस पकडा.

आकड्यांत सीपीयू बघून सगळे खूश होतात, कारण तो बहुतेक वेळ रिकामाच असतो. डिस्क बघा. वाड्यात एका बिऱ्हाडाने नळ सोडला की बाकीच्यांची धार बारीक होते, तसं एका व्हीएमने डिस्क धरली की सगळे व्हीएम रांगेत उभे राहतात. वाचायला आणि लिहायला सरासरी किती मिलिसेकंद लागतात हा आकडा टिपून ठेवा, पुढे चाचणीत तोच लागेल. रॅमच्या बाबतीत उधारी नको: सगळ्या व्हीएमची बेरीज अधिक होस्टची, म्हणजे ज्यावर व्हीएम चालतात त्या सर्व्हरची, स्वतःची गरज, एवढी खरी रॅम सर्व्हरमध्ये असलीच पाहिजे. सीपीयूचे कोर मात्र असलेल्यापेक्षा जास्त वाटले तरी चालतं.

याच कागदावर सर्व्हरला मागून काय काय जोडलंय तेही लिहा. इथे बरीच कामं अडकतात. वजनकाट्याचा इंडिकेटर सीरियल पोर्टवर असतो, एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरचा डोंगल (लायसन्सची किल्ली) यूएसबीत असतो. व्हीएमला यूएसबी जोडून देता येतो, पण मग तो व्हीएम त्या एका सर्व्हरला बांधला जातो. दुसऱ्या सर्व्हरवर हलवला की डोंगल मागेच राहतो. नेटवर्कवरून यूएसबी किंवा सीरियल पोर्ट देणारा छोटा डबा मिळतो, तो हा प्रश्न सोडवतो. वजनकाट्याचा पीसी मात्र आहे तिथेच राहू द्यावा असं माझं मत आहे. ट्रक काट्यावर उभा असताना नेटवर्कचं निमित्त कोणी ऐकून घेत नाही.

मालकाशी दोन आकड्यांवर बोला

किती तास बंद चालेल, आणि किती तासांच्या नोंदी पुन्हा माराव्या लागल्या तर चालेल? ‘काहीच चालणार नाही’ हे उत्तर पहिल्यांदा येतंच. मग दोन सर्व्हर, सामाईक स्टोरेज आणि बॅकअपची वेगळी मशीन यांचा अंदाजे खर्च समोर ठेवा. चार तास चालतील, असं उत्तर मग आपोआप येतं. चार तास चालत असतील तर महागड्या क्लस्टरची गरज नसते. एक चांगला सर्व्हर, दुसरा साधा तयार सर्व्हर आणि दर तासाला तिकडे प्रत, एवढ्यावर भागतं.

लायसन्सचा हिशोब स्वतः करा

यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर. व्हर्च्युअलायझेशनचं सॉफ्टवेअर मोफत असलं तरी आतल्या व्हीएममधलं विंडोज मोफत होत नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन्स सर्व्हरच्या खऱ्या कोरवर मोजतात, एका सर्व्हरला किमान १६ कोर धरतात, आणि सगळे कोर एकदा भरले की २ व्हीएमचा हक्क मिळतो. समजा तुमच्याकडे १६ कोरचे दोन सर्व्हर आहेत आणि विंडोजचे ४ व्हीएम. एका सर्व्हरवर चारही चालवायचे तर तिथे ३२ कोरची लायसन्स लागतात. एक सर्व्हर पडल्यावर चारही व्हीएम दुसऱ्यावर जायला हवेत, म्हणजे तिकडेही ३२. एकूण ६४. वापरणाऱ्यांची कॅल (सर्व्हर वापरण्याची प्रत्येकाची लायसन्स) त्याहून वेगळी. बऱ्याच कोटेशनमध्ये हा आकडा १६ किंवा ३२च असतो, आणि फरक ऑडिटच्या वेळी बाहेर येतो. हा खर्च कोणतंही सॉफ्टवेअर निवडलं तरी तेवढाच राहतो, त्यामुळे तुलनेच्या तक्त्यात तो वेगळ्या ओळीत लिहा.

व्हीएमवेअर या सगळ्यात जुन्या परिचयाच्या नावाचं गणित बदललं ते ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनी घेतल्यावर. कायमचं लायसन्स विकणं बंद झालं, आता वर्गणीच भरावी लागते. तीही कोरवर, आणि एका प्रोसेसरमागे किमान १६ कोर धरून; म्हणजे ८ कोरचा प्रोसेसर असला तरी बिल १६चं. माल उत्तम आहे यात वाद नाही, माहीतगार माणसंही भरपूर मिळतात. पण एक-दोन सर्व्हरच्या धंद्याला हा हिशोब आता जड जातो. ईएसएक्सआय या व्हीएमवेअरच्याच होस्टवरच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये काढून घेतली आणि एप्रिल २०२५ मध्ये परत दिली. जे असं येतं-जातं, त्यावर कारखाना उभा करू नये.

मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही विंडोज सर्व्हरच्या आतच येतं. तुमचे सगळे व्हीएम विंडोजचे असतील आणि लायसन्स घ्यायचंच असेल, तर त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. एक पथ्य पाळा: होस्टवर हायपर-व्हीशिवाय काही चालवू नका. ‘टॅली होस्टवरच टाकू’ असं कोणी म्हणालं तर दोन व्हीएमच्या हक्कातला एक तिथेच खर्ची पडतो. हायपर-व्ही सर्व्हर नावाची जी स्वतंत्र मोफत आवृत्ती होती ती २०१९ वर थांबली. ती गृहीत धरून जुना कोणी सल्ला देत असेल तर दुर्लक्ष करा.

प्रॉक्समॉक्स व्हिएन्नाच्या कंपनीचं, डेबियन लिनक्सवर बांधलेलं. आतलं इंजिन केव्हीएम, जे २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे. सॉफ्टवेअर मोफत, वर्गणी प्रोसेसरच्या सॉकेटवर. वर्गणी भरली की जास्त तपासलेले अपडेट्स आणि वरच्या श्रेणीत मदतीची तिकिटं मिळतात. सगळ्यात खालच्या श्रेणीत तिकीट मिळत नाही, हे कोटेशनमध्ये बघून घ्या. फ्रान्सच्या व्हेट्स कंपनीचं एक्ससीपी-एनजी हे झेन या दुसऱ्या इंजिनवरचं आणि विश्वासाचं आहे. पण आपल्या भागात ते हाताळलेला माणूस शोधावा लागतो, आणि त्याच्या जुन्या व्हीएचडी पद्धतीत एका व्हर्च्युअल डिस्कला २ टीबीची मर्यादा पडते.

तीन वर्षांचा एकूण खर्च काढा, पहिल्या वर्षाचा नव्हे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचं नूतनीकरण किती, हे वेंडरकडून लेखी घ्या.

चाचणी: मुद्दाम मोडून बघा

दोनच नावं उरवा आणि दोन्ही हाताने बसवा. जुना पण व्हर्च्युअलायझेशनला आधार देणारा एखादा सर्व्हर पुरतो. बायॉसमध्ये (सर्व्हर सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) ती सोय चालू आहे का तेवढं बघा. प्रॉक्समॉक्स थेट उतरवून घेता येतं, विंडोज सर्व्हर १८० दिवस चाचणीला मिळतं. मायक्रोसॉफ्टच्या डिस्क-टू-व्हीएचडी या छोट्या प्रोग्रॅमने चालत्या सर्व्हरची प्रत काढा आणि ती व्हीएम म्हणून उठवा. प्रॉक्समॉक्सवर विंडोज व्हर्टआयओ या वेगवान प्रकारच्या व्हर्च्युअल डिस्कवर उठवायचं तर त्याचे ड्रायव्हर आधी घालावे लागतात, नाहीतर डिस्क दिसतच नाही. ही प्रत ऑफिसच्या नेटवर्कला जोडू नका. एकाच नावाचे, एकाच आयपीचे दोन सर्व्हर झाले की गोंधळ ऑफिसभर पसरतो.

पहिली परीक्षा वेगाची. महिनाअखेरचा सगळ्यात जड रिपोर्ट जुन्या सर्व्हरवर आणि व्हीएममध्ये चालवा, घड्याळ लावून. व्हीएम फारच मागे पडला तर दोष बहुधा डिस्कचा असतो. दुकानात मिळणारी स्वस्त एसएसडी डेटाबेसच्या सतत पक्क्या लिहिण्याला दमते. वीज गेल्यावरही हातातला डेटा सुरक्षित लिहिणारी, सर्व्हरसाठीची एसएसडी घ्या. प्रॉक्समॉक्सवर झेडएफएस (डिस्क स्वतः सांभाळणारी फाइल सिस्टिम) वापरणार असाल तर रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र करून एकच दाखवणारं कार्ड, मध्ये नको, डिस्क थेट दिसल्या पाहिजेत.

दुसरी परीक्षा विजेची. आधी यूपीएसला येणारी वीज बंद करा आणि बघत बसा: बॅटरी संपण्याआधी व्हीएम एकामागून एक नीट बंद होतात का, मग होस्ट बंद होतो का? वीज आल्यावर आपोआप कोणत्या क्रमाने उठतात? डोमेन कंट्रोलर (ऑफिसभरचे लॉगिन तपासणारा सर्व्हर) आधी, मग डेटाबेस, मग त्यावरचा प्रोग्रॅम, असा क्रम लावता येतो, तो लावा. हे जमल्यावर, खरा डेटा नसलेल्या मशीनची केबल सरळ उपटा. महावितरण आणि खराब बॅटरी मिळून कधीतरी हेच करणार आहेत. चालू असताना एक डिस्कही काढून बघा. कुठे दिवा लागतो, मेल येते का, नवी डिस्क घातल्यावर परत जुळायला किती वेळ जातो, सगळं टिपा.

तिसरी आणि माझ्या लेखी निर्णायक परीक्षा रिस्टोअरची. ‘बॅकअप सक्सेसफुल’ या हिरव्या अक्षरांना काही अर्थ नाही. बॅकअपमधून अख्खा व्हीएम दुसऱ्याच मशीनवर उठवा, ईआरपी उघडा आणि अकाउंट्समधल्या माणसाला कालचं शेवटचं व्हाउचर शोधायला सांगा. सापडलं तरच पास. वेळेचा अंदाजही आधी बांधा: ४०० जीबीचा व्हीएम ऑफिसच्या १ गिगाबिटच्या नेटवर्कवरून आणायला साधारण तास लागतो, तोच क्लाउडवरून ५० एमबीपीएसच्या लाइनने आणायचा तर जवळपास १८ तास. मालकाने चार तास सांगितले असतील तर क्लाउडची प्रत एकटी पुरणार नाही, हे इथेच कळतं. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो. आणि व्हीएमचा बॅकअप असला तरी डेटाबेसचा स्वतःचा बॅकअप वेगळा चालूच ठेवा.

पूर, व्हायरस आणि रात्रीचा फोन

सांगलीत प्रत कुठे ठेवायची हा साधा प्रश्न नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सर्व्हर गणपती पेठेत तळमजल्यावर आणि बॅकअपची डिस्क समोरच्या गल्लीतल्या गोडाऊनमध्ये, ही दोन ठिकाणं झाली नाहीत. दुसरी प्रत विट्याला, जतला, निदान कुपवाडच्या उंच भागात ठेवा. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर इलेक्ट्रॉनिक हिशोबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर आणि रोज घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. क्लाउड घेताना सर्व्हर कोणत्या देशात आहेत ते विचारा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अपडेट न केलेल्या ईएसएक्सआय सर्व्हरवर जगभर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला झाला. होस्ट एक गेला की वरचे सगळे व्हीएम गेले. यात एका कंपनीचा दोष काढून उपयोग नाही, कोणत्याही सॉफ्टवेअरला हे लागू आहे. होस्टचं नियंत्रणाचं पान ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा, होस्ट आणि बॅकअप सर्व्हर डोमेनमध्ये घेऊ नका, पासवर्ड वेगळे ठेवा. चाचणीच्या काळात एकदा अपडेट करूनही बघा. जे अपडेट करायला भीती वाटते, ते सॉफ्टवेअर कोणी अपडेट करत नाही.

मदतीचं काय? व्हिएन्नाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन ते साडेचार तास मागे आहे. इथे सकाळी दहाला सर्व्हर अडला तर तिकडे पहाटच असते. म्हणून पुण्या-कोल्हापुरातला कोणता इंजिनिअर ते सॉफ्टवेअर खरंच हाताळतो हे विचारा आणि चाचणीच्या काळात त्याला एकदा संध्याकाळी फोन करून एखादी खरी अडचण सांगा. एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कागदावरचे ‘चार तासांत प्रतिसाद’ म्हणजे फोन उचलणं की माणूस दारात येणं, तेही तिथेच स्पष्ट करून घ्या. माझा स्वतःचा कल असा: सगळं विंडोज असेल आणि घरचा माणूस लिनक्सला घाबरत असेल तर हायपर-व्ही, लिनक्स जमणारा एक जरी माणूस हाताशी असेल तर प्रॉक्समॉक्स.

निर्णय झाला की बदल शनिवारी संध्याकाळी करा. रिटर्नच्या तारखांजवळ किंवा सौद्याच्या हंगामात नको. जुने सर्व्हर लगेच भंगारात देऊ नका. पहिली महिनाअखेर नव्यावर पार पडेपर्यंत ते बंद करून, नेटवर्कची केबल काढून, वर तारखेची चिठ्ठी लावून ठेवा. त्यानंतर डिस्क पुसा आणि मगच भंगारवाल्याला बोलवा.