भागाकार चुकवणारा प्रोसेसर कसा पकडायचा

सेकंडहँड वर्कस्टेशन गिऱ्हाइकाला देण्याआधी मी त्याच्याकडून एक भागाकार करून घेतो: ४१९५८३५ भागिले ३१४५७२७. उत्तर १.३३३८२०४४९… यायला हवं. १९९४ च्या इंटेलच्या सदोष पेंटियम प्रोसेसरवर १.३३३७३९०६८… यायचं. आजच्या मशीनवर हा दोष सापडायचा नाही, हे ठाऊक आहे. तरी करतो, सवय.

तो पेंटियम भागाकाराचा पुढचा अंक आतल्या एका कोष्टकात बघून ठरवायचा आणि कोष्टकाच्या काही घरांत २ ऐवजी ० राहिला होता. फार थोड्या आकड्यांना फटका बसायचा, म्हणून कुणाच्या लक्षात येईना. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जोडमूळ संख्यांच्या गुणाकार व्यस्तांची बेरीज करत होते, तिथे ते सापडलं. ८२४६३३७०२४४१ ला त्याच्याच व्यस्ताने गुणलं तर १ यायला हवा, पेंटियम ०.९९९९९९९९६२७४७०९७०२ दाखवायचा. नाइसलींनी लगेच चिपवर बोट ठेवलं नाही. एकेक संशयित बाद करत गेले, तेच गणित ४८६ या आधीच्या पिढीच्या प्रोसेसरवर चालवलं, तिथे बरोबर आलं, आणि मग ३० ऑक्टोबर १९९४ ला ईमेल लिहिली. सामान्य वापरात अशी चूक २७,००० वर्षांतून एकदा होईल, असं इंटेलचं म्हणणं होतं. डिसेंबरात मागेल त्याला चिप बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली, खर्च ४७.५ कोटी डॉलर.

आता तुमच्या मशीनकडे. आधी दोष कशाला म्हणायचं नाही ते बघा. ०.१ + ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं, ४९ × (१/४९) केलं की ०.९९९९९९९९९९९९९९९९. दोन्ही निरोगी प्रोसेसरवर येतात. सोळाव्या-सतराव्या अंकातला फरक राउंडिंगचा असतो, आठव्या-नवव्या अंकात फरक दिसला तर मात्र बाह्या सरसावा.

चाचणीचे आकडे प्रोग्राममध्ये थेट लिहू नका. कंपायलर, म्हणजे तुमचा प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, हुशार असतो. भागाकार तो आधीच उरकून ठेवतो आणि तुम्ही तपासता ते त्याचं तयार उत्तर. पायथन भाषेतही हेच होतं. आकडे फाइलमधून वाचून घ्या.

पुढची गोष्ट बहुतेक जण टाळतात: प्रत्येक कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे गणित करणारा भाग, वेगळा तपासा. २०२१ मध्ये फेसबुकच्या इंजिनिअरांनी एका सर्व्हरची हकिकत मांडली. १.१ च्या ५३ व्या घाताचा पूर्णांक भाग १५६ यायला हवा, तर त्यातला एक कोअर ० द्यायचा. ५२ व्या घाताला तोच कोअर १४२ असं बरोबर सांगायचा! अशा मशीनवर काम कधी या कोअरवर, कधी त्या कोअरवर पडतं, त्यामुळे चूक येते आणि जाते. लिनक्सवर टास्कसेट या कमांडने प्रोग्राम एका कोअरला बांधा, विंडोजवर टास्क मॅनेजरमधून ॲफिनिटी लावा.

उत्तराची पडताळणी वेगळ्या वाटेने करा. भागाकार असेल तर उलट गुणून बघा. मोठ्या पूर्णांकांचा गुणाकार असेल तर शाळेतली ९ ने भागून बाकी जुळवायची युक्ती चालते, पण अंकांची अदलाबदल तिला कळत नाही. मी ९ ऐवजी १००००००००७ ने भागतो. आणि बाकी काढायचं काम दुसऱ्या कोअरला देतो. चोरालाच पंच नेमण्यात काय अर्थ?

थंड मशीनवर सगळं बरोबर येईल, तेवढ्यावर भुलू नका. प्रोसेसरला गणितं देऊन तापवणाऱ्या प्राइम९५ या प्रोग्रामची टॉर्चर टेस्ट रात्रभर लावा. ती माहीत असलेल्या उत्तरांशी ताडून बघते. एरर आली तर आधी बायोसमधलं ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) आणि एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) बंद करा, मग मेमटेस्टने रॅम तपासा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा प्रकरण इथेच मिटतं.

एवढं करूनही तोच कोअर, तेच आकडे, तेच चुकीचं उत्तर येत असेल तर चिपच गेली. लिनक्समध्ये एक कोअर बंद करून मशीन चालवता येतं. मी तसं मशीन गिऱ्हाइकाला देत नाही. वॉरंटीत असेल तर दावा करताना कोअरचा नंबर, दिलेले आकडे, आलेलं उत्तर, तापमान आणि मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) आवृत्ती लिहून द्या, नाहीतर समोरून पहिला सल्ला येतो तो विंडोज पुन्हा टाकण्याचा.