म्युनिकहून एका दिवसात साल्झबर्ग: नागपूरहून नव्याने येणाऱ्यांसाठी

दर सप्टेंबरात ओळखीतली चार-दोन पोट्टी नागपूरहून म्युनिकला येऊन धडकतात. घराची नोंदणी, बँकेचं खातं, इन्शुरन्स उरकलं की लगेच विचारणा सुरू होते, "दादा, एका दिवसात परदेशात कुठे जाऊन येता येईल?" परदेशातून परदेशात! माझं उत्तर ठरलेलं आहे: ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग. सध्या सुट्टीत नागपुरातच आहे, आणि निघायच्या तयारीत असलेल्या एका पोराचे आई-बाबाही घरी येऊन हेच विचारून गेले. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

अंतर म्हणाल तर नागपूर ते अमरावती धरा, दीडशे किलोमीटरच्या आसपास. साध्या रिजनल गाडीने पावणेदोन-दोन तास लागतात. साधारण तासाला एक गाडी असते आणि आरक्षणाची भानगड नाही.

तिथे काय पाहायचं याची यादी आधी करू नका. आधी तिकीट ठरवा, दिवस कसा जाणार ते त्यावरच ठरतं. विद्यार्थ्यांकडे बहुतेक वेळा डॉइचलांड तिकीट, म्हणजे जर्मनीभरच्या साध्या गाड्यांचा महिन्याचा पास, असतंच. ते थेट साल्झबर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंत चालतं, म्हणजे ऑस्ट्रियात शिरायला वेगळा एक पैसा लागत नाही. ते नसेल तर बायर्न तिकीट, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बायर्नचं (बव्हेरियाचं) एका दिवसाचं तिकीट. हेही साल्झबर्गपर्यंत चालतं, आणि एका तिकिटावर पाच जण जाऊ शकतात. पहिल्या माणसाचे पैसे जास्त, पुढच्या प्रत्येकाचे थोडे थोडे वाढत जातात, त्यामुळे चार-पाच जण जमवूनच निघा. तिकिटावर प्रत्येकाचं नाव लिहायचं असतं, ते विसरू नका.

आता खरी मेख. बायर्न तिकीट सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच लागू होतं. ८:५५ ची गाडी पकडली तर तुम्ही विनातिकीट प्रवासी, आणि दंड ६० युरो. टीसीशी हुज्जत घालून उपयोग नाही, तो शांतपणे मशीनमधून पावती काढून हातात देतो. शनिवार-रविवारी ही अट नसते, पण मग अख्खं म्युनिक पाठीला पिशव्या लावून डोंगराकडे निघालेलं असतं. दुसरी मेख गाडीची. त्याच मार्गावर व्हिएन्नाकडे जाणारी गडद लाल रेलजेटही धावते, आणि तिच्या पाटीवरही साल्झबर्ग असतं. तिच्यात ही दोन्ही तिकिटं चालत नाहीत. गाडीचं नाव RE (रिजनल एक्सप्रेस) पासून सुरू होतंय ना, तेवढं पाहा. मुख्य स्टेशनावरूनच चढा, पुढच्या ओस्टबाहनहोफला बसायला जागा मिळेलच असं नाही. डावीकडची खिडकी धरा, प्रिएन स्टेशन सोडलं की कीमझे तलाव त्या बाजूला दिसतो. डोंगर उजवीकडे.

आदल्या रात्री डीबीच्या (जर्मन रेल्वेच्या) अ‍ॅपवर गाडी बघून ठेवा. सुट्टीच्या दिवशी रुळांची कामं निघतात आणि मधल्या टप्प्यात बसमध्ये बसवतात. स्टेशनावर SEV (गाडीऐवजी बस) अशी पाटी दिसली की समजायचं, आज तासभर जास्त.

कागदपत्रांबद्दल लोक फार बेफिकीर असतात. सीमेवर फाटक नाही, शिक्का नाही, म्हणून पासपोर्ट घरी ठेवून निघतात. जाताना कोणी विचारत नाही बहुधा. येताना मात्र सीमेलगतच्या फ्राइलासिंग स्टेशनात जर्मन पोलीस डब्यात चढतात आणि आपल्यासारखा चेहरा दिसला की नक्की थांबतात. राग येतो, पण वाद घालू नका. मूळ पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड, किंवा जर्मनीचा डी (दीर्घ मुक्कामाचा) व्हिसा, जवळ हवाच. झेरॉक्स, फोनमधला फोटो हे काही चालत नाही. व्हिसा संपलाय आणि परदेशी लोकांच्या व्हिसाचं काम पाहणाऱ्या ऑफिसने नुसता तात्पुरता कागद दिलाय, असं असेल तर त्या ऑफिसला विचारल्याशिवाय सीमा ओलांडू नका. तोवर बायर्नमध्येच फिरा, पाहण्यासारखं पुष्कळ आहे.

परवा आलेल्या काकूंचा प्रश्न वेगळाच होता. त्यांच्या शेंगेन व्हिसावर एकच एंट्री आहे, मग ऑस्ट्रियात गेलं तर ती संपणार का? नाही. दोन्ही देश शेंगेनमध्येच, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या क्षेत्रातच आहेत, तुम्ही त्या क्षेत्राच्या बाहेर पडतच नाही. लंडनला गेलात तर मात्र बाहेर पडलात.

साल्झबर्गला उतरलात की बस शोधू नका, चाला. पंधरा मिनिटांत मिराबेल बाग येते. बागेला लागून मिराबेल वाडा आहे, तो आर्चबिशप वोल्फ डीट्रिशने १६०६ मध्ये बांधला. बागेला तिकीट नाही. कारंज्यापाशी उभं राहिलं की समोर सरळ रेषेत डोंगरावरचा किल्ला दिसतो, फोटो तिथूनच काढा. मग लोकांनी कुलपं लटकवलेल्या पादचारी पुलावरून साल्झाख नदी ओलांडली की गेट्राइडेगास्से. गल्ली अरुंद, वर लोखंडी नक्षीच्या पाट्या, खाली मुंगीला वाट नाही एवढी गर्दी. ९ नंबरच्या पिवळ्या घरात २७ जानेवारी १७५६ ला संगीतकार मोझार्ट जन्मला. संगीताची आवड असेल तर आत जा, नाहीतर बाहेरून पाहिलं तरी चालेल. मोझार्टच्या नावाचे चॉकलेट-गोळे गल्लीभर मिळतात. मूळ गोळा इथल्या फ्यूर्स्ट नावाच्या मिठाईवाल्यांनी १८९० मध्ये बनवला. त्यांच्या दुकानातला गोळा चंदेरी-निळ्या कागदात असतो आणि हाताने केलेला असतो. लाल-सोनेरी कागदातले कारखान्यातले. नागपूरला न्यायचे असतील तर हिवाळ्यातच न्या, मे महिन्यात घरी पोचेपर्यंत त्यांचं सरबत होईल.

भूक लागली की त्याच गल्लीतल्या एका बोळात बोस्ना मिळतो: पावात सॉसेज, कांदा आणि वर करी पावडर. तिथले लोक त्याला झणझणीत म्हणतात. सावजी खाल्लेल्या माणसाने यावर काय बोलावं! सॉसेज डुकराचं असतं, खात नसाल तर घरून तिखट पुऱ्या आणि चिवडा न्या. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

दुपारनंतर किल्ला, होहेनसाल्झबर्ग. १०७७ मध्ये बांधायला घेतलेला आहे. वर जायला १८९२ पासून चालणारी दोरीची रेल्वे आहे. पायीही वीसेक मिनिटांत पोचता, पण चढ चांगलाच दमवतो, आई-बाबांना रेल्वेनेच न्या. किल्ला आणि मोझार्टचं घर दोन्ही आतून पाहणार असाल तर साल्झबर्ग कार्डाचा (एकाच कार्डावर शहरातल्या ठिकाणांचा प्रवेश) हिशेब करून पाहा. डिसेंबरात गेलात तर क्रम उलटा करा, किल्ला आधी, कारण साडेचारच्या आत अंधार पडतो. त्या महिन्यात कॅथेड्रलसमोर ख्रिसमसचा बाजार असतो, तो अंधारातच छान दिसतो. जुलैअखेर ते ऑगस्ट संगीत महोत्सव असतो, तेव्हा गर्दी टाळता येत नाही.

हालस्टाट हे तळ्याकाठचं गाव आणि हेलब्रुन वाड्याची कारंजी याच दिवसात कोंबायचा हट्ट धरू नका. निम्मा दिवस बसमध्ये जाईल.

परतीची शेवटची गाडी कधीच धरू नका, तिच्या आधीच्या दोन बघून ठेवा. रविवारी संध्याकाळी प्रिएनला डबा गच्च भरतो, त्यात पोलीस तपासणीमुळे उशीर होतो. बायर्न तिकीट पहाटे ३ पर्यंत चालतं, त्यामुळे त्याची काळजी नाही.

इकडून निघताना बर्डीवरून घडीची छत्री घ्या, तिथे पाऊस विचारून येत नाही. मेमध्ये आई-बाबांना नेणार असाल तर स्वेटरही. नागपुरात पंचेचाळीस असताना बॅगेत स्वेटर घालायला सांगितलं की बाबा हसतात, पण किल्ल्यावर वारा सुटला की तेच पहिल्यांदा मागतात. आणि तिकीट फोनमध्ये असेल तर पॉवर बँक न्या, बंद पडलेल्या फोनमधलं तिकीट टीसी मानत नाही.